श्रीपतरावांचं पुरं वजन

आमच्या सांगलीच्या विमा शाखेत माणसाचा नंबर म्हशीनंतर लागायचा. यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, टेबलांची मांडणीच तशी होती. पहिल्या टेबलावर ट्रक आणि ट्रॅक्टर, दुसऱ्यावर आगीत जळालेला ऊस आणि कडब्याच्या गंजी, तिसऱ्यावर म्हशी आणि गाई, आणि खिडकीपाशी, जिथं पावसाळ्यात गळायचं, तिथं 'इतर'. इतर म्हणजे माणसं. त्या टेबलावर मी बसायचे.

सत्तरचं दशक. विमा कंपन्या सरकारी होऊन फार दिवस झाले नव्हते. मी कोरेगावची, साताऱ्याच्या कॉलेजातनं बी.कॉम. झालेली, वय चोवीस. सरकारनं कंपनी ताब्यात घेतली ती केवळ माझ्या भरवशावर, अशी माझी समजूत होती. तेव्हाचा माझा एक फोटो आहे. इस्त्रीची खादीची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तो चष्मा ऑफिसच्या आत! नाती तो फोटो बघून विचारतात, "आजी, डोळे आले होते का गं?" डोळे आले नव्हते, दिमाख आला होता. शिवाय मी हिरव्या शाईनं लिहायचे. हिरवी शाई साहेबांची असते हे मला माहीत होतं, म्हणूनच लिहायचे. शाखाधिकारी जोगळेकरसाहेबांनी एक दिवस माझी दौत उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि म्हणाले, "बाई, निवृत्त व्हाल त्या दिवशी परत नेऊ शकता."

बाहेरच्यांना वाटतं विम्याचा धंदा फार गुंतागुंतीचा. तसा तो नाही. दावा आला की दोनच प्रश्न विचारायचे. जे झालं म्हणताय ते खरंच झालं का? आणि झालं असेल तर ते आपण द्यायच्या यादीत बसतं का? माणूस यातून बरा होणार का, हा तिसरा प्रश्न फॉर्मवर नव्हता, त्यामुळं तो विचारायची पद्धतही नव्हती.

म्हशीचं काम सोपं. तिच्या कानात आमचा बिल्ला असायचा. म्हैस मेली की बिल्ल्यासकट कान आणून द्यायचा, दावा पुरा. औंधाकडच्या एका धनगरबाबांनी तो कान भाकरीच्या फडक्यात बांधून आणला आणि बाकीची टेबलं भरलेली म्हणून माझ्या टेबलावर, माझ्या डब्याला टेकून ठेवला. त्या दिवशी मी उपाशी राहिले. वर्षभरानं मी कानाशेजारी बसून दहीभात खायला लागले. नोकरीत मुरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

माणसाचं अवघड. माणसाला बिल्ला नसतो, आणि तो न मरताच दावा करतो. कोयनानगरच्या एका गृहस्थांनी हर्नियाचं कारण लिहिलं होतं, 'भूकंपाचा हादरा'. मी चष्मा नाकावर सरकवून विचारलं, "हादऱ्यानं हर्निया कसा होईल?"

ते म्हणाले, "हादरा बसला तवा मी कपाट धरून हुबा ऱ्हायलो, बाई. सोडलं असतं तर बायकूवर पडलं असतं. मग तुमालाच दोन दावं आलं असतं."

मी मुकाट्यानं मंजुरीची शिफारस लिहिली.

पण मला सांगायचंय ते श्रीपतरावांचं. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात ते काट्यावर कारकून होते. ज्यांनी उसाचा काटा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाची गाडी कारखान्यात आली की आधी काट्यावर चढते. काट्यावर जे वजन भरेल त्यावर त्या घराचं पुढचं वर्ष ठरतं. म्हणून कारखान्यात सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा माणूस म्हणजे काट्यावरचा माणूस. त्यात पुन्हा मोळ्या बांधायला उसाच्या शेंड्याचं जे वाढं वापरतात ते ऊस नव्हे, म्हणून प्रत्येक वजनातनं शेकडा एक कापायचं. ही बांधणीची वजावट. शेतकरी म्हणायचे, ही वजावट श्रीपतरावाच्या पोटात जाते. आणि श्रीपतरावांकडं बघितल्यावर हा आरोप अगदीच निराधार वाटायचा नाही.

कारखान्यानं सगळ्या कामगारांचा मिळून आमच्याकडं आरोग्य विमा उतरवला होता. त्यातनं दोन वर्षांपूर्वी श्रीपतरावांचं एक ऑपरेशन झालं होतं. पुण्याला अमेरिकेत शिकून आलेले एक सर्जन होते. घाटाचा वळणावळणाचा रस्ता टाळायला मधूनच बोगदा पाडावा, तसं ते पोटात करायचे. लांबलचक आतड्याचा बराचसा भाग बाजूला टाकायचा आणि दोन टोकं जवळच्या जवळ जोडायची. अन्न अंगाला लागायच्या आतच पुढं जातं आणि माणूस उतरतो. (आता हे ऑपरेशन कुणी करत नाही. त्याचे त्रास फार निघाले. तेव्हा ते नवलाईचं होतं.) त्या ऑपरेशनचं नाव एवढं लांब होतं की आमच्या ऑफिसात ते कुणालाच कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटून सगळ्यांनी सह्या केल्या.

श्रीपतराव छान उतरले. मग हळूहळू पुन्हा चढले. शिल्लक राहिलेलं आतडं कामसू निघालं. डॉक्टर म्हणाले, ते जास्तीचं काम करायला शिकलंय, आता दुसरं ऑपरेशन करून ते आणखी आखूड करावं लागेल. आधी विमा कंपनीचं मंजुरीचं पत्र आणा, मग तारीख देतो.

अर्ज माझ्या टेबलावर आला. आणि मी, हिरव्या शाईची राणी, त्याला उत्तर दिलं. 'इतर'च्या टेबलावर दुसऱ्यांदा मागितलेल्या दाव्याचा मसुदा नव्हता, म्हणून म्हशीच्या टेबलावरचा घेतला. एकाच म्हशीचा दावा दोनदा देत नाहीत, हा तिकडचा नियम. 'जनावर' खोडून 'आतडे' घातलं आणि पत्र रवाना केलं.

चारच दिवसांत आमचा लाकडी जिना बोलायला लागला. आधी वर आली ती एक चणीनं एवढीशी बाई, कासोटा घातलेली, हातात माझं पत्र. मागून, प्रत्येक पायरीवर थांबत, धापा टाकत श्रीपतराव.

"इतर कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"मी हौसाबाई, ह्यांची मंडळी. मला लिवायला वाचायला येतंय, पर ह्ये काय उमगंना. तेवढं सांगा." तिनं पत्रातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आतड्याचा कान कंच्या बाजूला असतो वं?"

मी पत्र घेतलं. सगळीकडं खाडाखोड नीट केली होती, शेवटच्या ओळीत मात्र म्हैस तशीच राहिली होती. 'मृत आतड्याचा कान बिल्ल्यासह सादर करावा.'

ट्रकच्या टेबलावरचा गृहस्थ हसून हसून टेबलाखाली गेला. श्रीपतरावही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला, तो थांबेना. ओठ निळे पडले. हौसाबाईनं पदर खोचला, त्यांना पुढं वाकवलं आणि पाठीवर मुठी मारत राहिली. ते शांत झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा ऑफिसात कुणी हसत नव्हतं.

"ह्यास्नी आडवं निजता येत न्हाई, बाई. निजलं की श्वास कोंडतुया. खुर्चीत बसून झोपत्यात. मी खाली बसून घोरणं ऐकती. घोरणं थांबलं की उठायचं आन हलवायचं. आख्खा पावसाळा मी पाठ टेकून झोपल्याली न्हाई."

"काट्यावर बी डोळा लागतोय," श्रीपतराव म्हणाले. "परवा गाडी चढली आन मला पत्ताच न्हाई. गाडीवान म्हणला, आण्णा, आता झोपंतनं बी काटा मारताय व्हय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणलं, काळीज सुजलंय. पुढचा गळीत हंगाम बघायचा आसंल तर आत्ता करा."

त्या संध्याकाळी जोगळेकरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ते पत्र मोठ्यानं वाचून घेतलं. मीच वाचायचं, माझ्याच आवाजात, कानापर्यंत. मग म्हणाले, "आता दुसरं लिहू. या वेळी माणसाविषयी."

आम्ही पुण्याच्या वरच्या ऑफिसला सविस्तर लिहिलं. तिकडं आमच्यासारखीच माणसं, फक्त पंखा जास्त जोरात. त्यांचं उत्तर आलं. आतडं एकच असलं तरी आजार जर पुन्हा तितकाच झाला असेल तर विचार करता येईल. तितकाच म्हणजे, वजन दीडशे किलोच्या वर. त्याचा अधिकृत दाखला पाठवा.

आता दीडशेच्या वरचा माणूस तोलायचा कशावर? सांगलीतल्या डॉक्टरांच्या काट्यांची धाव एकशे वीसपर्यंत. श्रीपतराव चढले की काटा टोकाला जाऊन थरथरत उभा राहायचा. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'एकशे वीसपेक्षा जास्त'. पुण्यानं विचारलं, 'जास्त म्हणजे किती?'

मग श्रीपतरावच म्हणाले, "बाई, काटंवाल्याला काट्याची काय वाण? आमच्याकडं सुट्या मोळ्या तोलायचा छोटा काटा हाय. सरकारी शिक्क्याचा. त्याच्यावरच तोला."

विमा कंपनीची प्रतिनिधी म्हणून मी जातीनं गेले. काळा चष्मा लावून. हंगाम भरात होता. अड्ड्यात गाड्यांची रांग, बैल रवंथ करतायत, सगळीकडं पाचट आणि मळीचा वास. काटेवाल्या आण्णाला काट्यावर घालणार, ही बातमी माझ्या आधी पोचली होती. गाडीवान गाड्या सोडून गोळा झाले होते. पुढं सुभेदार तात्या उभे होते. फौजेतनं निवृत्त झालेले, वीस एकर उसाचे मालक, आणि वजावटीविरुद्ध दरवर्षी सर्वसाधारण सभेत ओरडणारे.

"आज डिशिप्लिनमध्ये वजन झालं पायजे!" तात्या गरजले. "आण्णा, आयुष्यभर आमाला तोललंसा. आता कळंल काट्यावर हुबं ऱ्हायचं म्हंजे काय असतंय त्ये."

"खिशातलं काढा आधी!" कुणीतरी ओरडलं.

"खिशात काय न्हाई त्याच्या, आमचंच हाय समदं पोटात."

श्रीपतरावांनी चपला काढल्या, टोपी हौसाबाईकडं दिली आणि काट्यावर चढले. त्यांच्या हाताखालचा वसंता दांडीवरचं वजन सरकवू लागला. तेवढ्यात, मागं वळूनही न बघता, श्रीपतराव म्हणाले, "तात्या, पाय काढा."

बघते तर सुभेदार तात्यांच्या एका पायाचा अंगठा हळूच फळीच्या कडेला टेकलेला. गाडीचं वजन वाढवायची ही गाडीवानांची जुनी युक्ती, पण तात्यांनी ती आज श्रीपतरावांसाठी केली होती.

तात्या कुजबुजले, "आरं, दोन-चार किलू पडलं जास्त तर बिघडतंय काय? तुझं काम हुईल की!"

"व्हईल. पर पाय काढा. तुमी आजवर काट्यावर पाय ठेवला आन मी बोललो न्हाई, आसं कवा झालंय?"

तात्यांनी पाय काढला. इतकी वर्षं त्या माणसाला चोर म्हणणारे सगळे आपापले पाय बघत एक पाऊल मागं सरले. दांडी स्थिरावली. वसंता ओरडला, "एकशे एक्कावन!"

टाळ्या पडल्या. वजन जास्त भरलं म्हणून टाळ्या पडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वसंतानं विचारलं, "बाई, साध्या कागदावर लिवून देऊ?"

आणि मी, थोरच मी, म्हणाले, "साधा कागद चालणार नाही. कारखान्याची छापील पावती हवी. नेहमीच्या पद्धतीनं. सगळे रकाने भरून. शिक्का, सही, सगळं." मी शिक्का नीट उमटलाय का ते बघितलं. सही दोनदा बघितली. पावतीची घडी स्वतः घातली. आकडा तेवढा बघितला नाही.

वसंतानं नेहमीच्या पद्धतीनं सगळे रकाने भरले होते. ठोक वजन एकशे एक्कावन्न. वजा बांधणी, शेकडा एक. निव्वळ वजन एकशे एकोणपन्नास किलो आणि वर थोडे ग्रॅम. त्याचा हात वर्षानुवर्षं वजावट करतोय. समोर ऊस आहे की माणूस, हे हाताला कोण सांगणार?

पुण्याचं उत्तर एका ओळीचं. 'निव्वळ वजन दीडशेहून कमी, सबब नामंजूर.'

मी कारखान्यावर धावले. म्हटलं, पावती दुरुस्त करून घेऊ, त्यात काय! कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला चहा पाजला आणि मान हलवली. "बाई, दुरुस्त करता येणार नाही. आज मी श्रीपतरावांची बांधणी सोडली तर उद्या सात हजार सभासद दारात येतील. म्हणतील, माणसाला पुरं वजन, मग उसाला का नाही?"

"पण साहेब, श्रीपतरावांना बांधलंय कशानं?"

"ते मला कळतं हो. पण पावती छापील आहे ना. तुम्हीच मागितली."

बाहेर येऊन बघते तर सभासद आधीच दारात आलेले. ही बातमीही माझ्या पुढं धावली होती. सुभेदार तात्या फाटकाच्या खांबावर चढून बोलत होते, "आण्णाचं पुरं वजन द्या! आन मग आमचं बी द्या!" पहिल्या वाक्याला श्रीपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वाक्याला मोठ्या साहेबांनी खिडकी लावून घेतली. झालं! शेतकरी आणि कारखाना यांच्यामधल्या जुन्या भांडणात श्रीपतरावांचं आतडं अडकलं. तात्यांना मी म्हणाले, "अहो, थोडे दिवस वजावटीचं राहू द्या ना!" तर म्हणाले, "बाई, आण्णासाठी जीव दीन. पर वजावट सोडायची न्हाई. ती तत्वाची गोष्ट हाय."

मग मी शहाणपणा केला. सांगलीत हळदीची पेठ आहे, तिथं मोठमोठे काटे आहेत, आणि तिथं उसाचा काय संबंध? श्रीपतरावांना टांग्यात घालून तिकडं नेलं. टांगेवाल्यानं घोड्याकडं बघत दोन फेऱ्यांचं भाडं मागितलं. पेठेतल्या तोलाऱ्यानं श्रीपतरावांना पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, वजन बघितलं, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाला, "दोन किलो कडता."

"कडता म्हणजे?" मी विचारलं.

"ओलीची सूट, ताई. हळदीत ओल असती. ती वजनातनं काढायची."

हौसाबाई भडकली. "आरं, माणूस हाय ह्यो! हळद न्हवं!"

तोलारी शांतपणे म्हणाला, "वैनी, माणसात तर हळदीपरास वल जास्त. बघा घामच किती आलाय."

मी खूप भांडले. कायदा सांगितला. काळा चष्मा काढून डोळे मोठे केले. तोलारी म्हणाला, कडता न लावता चिठ्ठी दिली तर अडते मला ठेवणार नाहीत, आज ह्यांना सोडलं तर उद्या शेतकरी... पुढचं वाक्य मला पाठ होतं. परत येताना मी पार गळून गेले होते. कारखान्यात वजावट, पेठेत कडता. दोन काटे झाले तरी पुरं वजन द्यायला कुणी तयार नाही. श्रीपतराव टांग्यात डुलक्या घेत होते. हौसाबाईचा हात त्यांच्या छातीवर होता आणि तिचे डोळे तांबडे होते.

"आसं का हुतंय सांगू, बाई?" ती म्हणाली. "जो वजनाचं पैसं देणार, त्योच तोलतुया. त्यो कमीच भरणार की."

"मग?"

घोडं पुलापाशी आलं तशी ती एकदम म्हणाली, "जो आपल्याकनं वजनाचं पैसं घेतुया, त्याच्याकडं जायला पायजे. गेल्या साली म्या पुण्याला लेकीकडं शेंगांची दोन पोती न्हेली. मिरज ठेसनात त्या बाबूनं तोलली. एक चिमूट कमी धरली न्हाई. उलट वर जरा जास्तीच मोजली."

मी बी.कॉम. होते. धंद्याचं शास्त्र तीन वर्षं शिकले होते. मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिरज. स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसात लोखंडी काटा, त्यावर आंब्याच्या रिकाम्या पेट्या. बाबू वयस्कर, कानावर पेन्सिल. मी माझं ओळखपत्र दाखवून भाषण सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सगळं पटलं. पण मला माणूस तोलता येत नाही. प्रवाशाला तिकीट असतं, वजन नसतं. वजन सामानाचं करायचं."

हौसाबाई खिडकीकडं गेली, पुण्याचं एक तिकीट काढून आणलं आणि बाबूंच्या पुढ्यात ठेवलं.

"ही मी प्रवासी," ती म्हणाली. मग श्रीपतरावांकडं बोट केलं. "आन ह्ये माजं सामान."

बाबूंनी चष्म्यावरनं बघितलं. "हे सामान?"

"व्हय. लगीन झाल्यापास्नं वागवतीया. लिवा."

"हौसे!" श्रीपतराव म्हणाले.

"तुमी गप बसा. सामान बोलत न्हाई."

बाबूंनी पेन्सिल कानावरनं काढली. हसू येऊ नये म्हणून ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. मग हमालाला म्हणाले, "पेट्या उतरव. सामान चढव." श्रीपतराव चढले. काटा थांबला. बाबू म्हणाले, "एकशे एक्कावन्न. आकारणीला एकशे पंचावन्न धरावं लागेल."

"आवं, न्हाई न्हाई," श्रीपतराव काट्यावरनंच ओरडले. "खरं वजन लिवा. एक्कावन. काटा म्हंजे काटा."

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. बाबू म्हणाले, "दोन्ही लिहितो हो. प्रत्यक्ष वजन एका रकान्यात, आकारणीचं दुसऱ्यात. इथं सगळं दोनदाच लिहितात." त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला. नग एक. वर्णनाच्या रकान्यापाशी थबकले, मग लिहिलं, 'घरगुती सामान'.

पावती पुण्याला गेली. तिकडून अर्थातच विचारणा आली. 'प्रवासी कोण व सामान कोण, याचा खुलासा करावा.' जोगळेकरसाहेबांनी खुलासा मला लिहायला सांगितला. मी निळ्या शाईनं लिहिलं, 'सदर सामान स्वतः जिना चढून शाखेत आले होते. शाखेने समक्ष पाहिले आहे. वजन प्रत्यक्ष आहे, त्यात ओल व बांधणी धरलेली नाही. सामानास आडवे झोपता येत नाही. कृपया लवकर कळवावे.' साहेबांनी शेवटची दोन वाक्यं वाचली, माझ्याकडं बघितलं आणि न खोडता सही केली. आमच्या फॉर्मवर ज्याला जागा नव्हती तो तिसरा प्रश्न असा पत्रात शिरला. मंजुरी आली. ती त्या पत्रामुळं आली, की पुण्याला आमचा कंटाळा आला म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. आपण स्वतःच्या पत्रामुळं असं समजतो.

ऑपरेशन झालं. त्रास झाला, जुलाब झाले, अशक्तपणा आला, ते सगळं झालं. त्याविषयी श्रीपतराव फार मोकळेपणानं बोलायचे, जेवणाच्या पंगतीतसुद्धा.

पाच-सहा महिन्यांनी कारखान्यावर एका ट्रॅक्टरच्या अपघाताची पाहणी होती. ती उरकून मी दुपारी कामगार वसाहतीत श्रीपतरावांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतनं बारीक आवाज आला, "शू! बाई, हळू."

श्रीपतराव जमिनीवर, सतरंजीवर, चक्क उताणे झोपले होते. अंगावरची कातडी सैल पिशवीसारखी झालेली, चेहऱ्याला हनुवटी आलेली. शेजारी हौसाबाई, भिंतीकडं तोंड करून, तोंड उघडं टाकून, गाढ. मी इतकी गाढ झोपलेली बाई कधी बघितली नव्हती. घोरत ती होती.

"मला झोप न्हाई," श्रीपतराव छताकडं बघत कुजबुजले. "पर ही झोपली की मी बी पडतो. गंमत वाटती. छप्पर कसं हाय त्ये मला ठावंच नव्हतं."

मी उंबऱ्यातच बसले. बोलता बोलता त्यांचाही डोळा लागला. अगदी शांत झोप. छाती हलतेय एवढंच दिसत होतं, आवाज शून्य. बाहेर लांबवर गाड्यांच्या घुंगुरमाळा, आत फक्त हौसाबाईचं घोरणं.

आणि हौसाबाई ताडकन उठली. केस विस्कटलेले, डोळे मिटलेलेच. तिनं चाचपडत हात टाकला तो थेट श्रीपतरावांच्या छातीवर. दाबून धरला. मग नाकापाशी नेला.

"काय गं?" ते जागे होत म्हणाले.

"आवाज थांबला."

"हाय की मी."

"श्वास?"

"हाय."

तिनं हात तसाच ठेवला. खात्री झाल्यावर त्यांना एक जोराची चापट मारली आणि पुन्हा आडवी झाली.

"मग जरा आवाज करत निजायचं," ती भिंतीकडं वळत पुटपुटली. "माणसानं झोपायचं कसं?"